बोलोन्यातलं भाडं

इटलीतल्या बोलोन्याचे पोर्टिको बघायला हल्ली जगभरातून पर्यटक येतात. शहर आणि आसपासचा भाग धरून 62 किलोमीटरच्या या छत असलेल्या पायवाटांचे निवडक भाग 2021 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. या पायवाटा वाढल्या मात्र घरमालकांच्या हिशेबीपणातून. इथल्या विद्यापीठात कायदा शिकायला युरोपभरची पोरं येऊ लागली, गावात जागा पुरेना, तेव्हा मालकांनी भाड्याने द्यायला वरच्या मजल्यावरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खाली लाकडी खांबांचे टेकू दिले. आपल्याकडे असल्या बांधकामावर महापालिकेचा हातोडा पडतो. बोलोन्याने 1288 साली उलटाच नियम केला: नव्या घराला पोर्टिको हवाच. स्त्रादा मॅजोरेवर कासा इसोलानीचे ओकाचे उंच खांब अजून उभे आहेत.

पुण्याहून एका सत्रासाठी कायदा शिकायला मी तिथे गेलो, तेव्हा अभ्यासापेक्षा या भाड्याच्या इतिहासातच जास्त रमलो. विद्यापीठ 1088 सालचं म्हणतात. ते साल एकोणिसाव्या शतकात, आठशेव्या वर्षाचा समारंभ करता यावा म्हणून पक्कं केलेलं. सुरुवातीला विद्यापीठाला स्वतःची इमारतच नव्हती. प्राध्यापक घरी नाहीतर भाड्याच्या जागेत शिकवत, आणि त्यांचे पैसे विद्यार्थीच देत. मग रुबाबही विद्यार्थ्यांचाच. मुलखामुलखाची मंडळं, त्यांना म्हणत ‘नात्सिओ’, रेक्टर त्यांच्यातलाच. घंटा झाल्यावरही व्याख्यान लांबवलं, की प्राध्यापकाला दंड. गावाबाहेर जायचं तर विद्यार्थ्यांची परवानगी. वर्गात पाच डोकी जमली नाहीत तर तो गैरहजर धरला जाई! भाडं ठरवायला गावाचे आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी समोरासमोर बसत. ठरलेलं न पाळणाऱ्या मालकाच्या घरावर बहिष्कार.

हा जोर कुठून आला? इमारत नाही, त्यामुळे बोचकं बांधून केव्हाही निघता येई. धमकी पोकळ नव्हती. 1222 साली एक गट खरंच निघाला, पादुआला गेला, आणि तिथे दुसरं विद्यापीठ उभं राहिलं. एवढं भाडं, एवढी खानावळ एकदम गेली तर गाव कोणाच्या जिवावर चालायचं?

पुढे प्राध्यापकांचा पगार नगरपालिका देऊ लागली, तशी पोरांची पकड सुटत गेली. 1563 साली आर्किजिन्नासिओ ही देखणी इमारत झाली आणि सगळे वर्ग एका छपराखाली आले. भिंतींवर विद्यार्थ्यांची सुमारे सहा हजार कुलचिन्हं आहेत. मला तो मान वाटतो खरा, पण हक्क गेल्यावर मिळालेला.

1987 साली युरोपात विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना निघाली आणि एका सत्रापुरते येणारे पुन्हा वाढले. आता आमच्यासारखे युरोपबाहेरचेही त्यात असतात. फरक एवढाच, की तेव्हा निघून जाणं हे हत्यार होतं, आज तीच लंगडी बाजू. मला मिळाली ती कॉट बेसिसवरची जागा. रेडिएटर थंड पडल्याची तक्रार केली की घरमालकीण विचारायची, “फेब्रुवारीत जाणारच ना?” डिपॉझिट परत मिळत नाही, हे आधीच्या पोरांनी सांगून ठेवलं होतं. मग सेव्हिल, क्राकोव आणि पुणे अशा आमच्या नात्सिओने स्वयंपाकघरात सभा भरवली आणि शेवटच्या महिन्याचं भाडं दिलंच नाही. डिपॉझिटमधून वळतं करा म्हणालो. बाई दोन दिवस बोलल्या नाहीत, पण केलं.