ज्युदो : स्वसंरक्षणासाठी काय शिकवायचे आणि काय वगळायचे

'स्वसंरक्षण' म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? डोळ्यांत बोटे, घशावर ठोसा, गुडघ्यावर लाथ. आमच्या महाविद्यालयात मुलींसाठी एक दिवसाची कार्यशाळा झाली तेव्हा हेच शिकवले गेले, तेही हवेत. समोरची जोडीदार हसत उभी. संध्याकाळी एकीने विचारले, "सर, समोरचा असा स्थिर उभाच राहिला नाही तर?" हाच प्रश्न १९व्या शतकात जपानमधल्या एका शिक्षकापुढे होता.

जिगोरो कानो (१८६०–१९३८) अंगाने किरकोळ. शाळेत दांडगट मुलांचा त्रास होई, म्हणून त्यांना जुजुत्सु, म्हणजे सामुराईंची निःशस्त्र झुंजीची विद्या, शिकायची होती. पण मेइजी राजवटीत सामुराई वर्गच मोडीत निघाला होता आणि या विद्येला कुणी विचारत नव्हते. कानो गुरू शोधत चक्क हाडवैद्यांकडे गेले, कारण जुजुत्सुचे जाणकार बहुधा हाडे बसवण्याचे काम करत. असेच त्यांना पहिले गुरू मिळाले, फुकुदा हाचिनोसुके. पुढे १८८२ मध्ये तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात, १२ तातामी चटयांच्या जागेत, त्यांनी 'कोदोकान' सुरू केले. शिष्य मोजून ९.

जुजुत्सुमध्ये मर्मावरचे प्रहार होते, बोटे मुरगळणे होते. असे डाव पूर्ण ताकदीने केले तर जोडीदार जायबंदी होतो. म्हणून ते सावकाश, ठरवून करावे लागतात. आणि जो डाव विरोध करणाऱ्या माणसावर कधी केलाच नाही, तो ऐन वेळी हातून होईल याची खात्री काय? कानोंनी हे घातक डाव मोकळ्या सरावातून काढून 'काता', म्हणजे ठरावीक क्रमाच्या सरावात ठेवले. फेकणे, दाबून धरणे, गळा आवळणे, कोपराचा सांधा अडकवणे एवढे 'रांदोरी'साठी राखले. रांदोरी म्हणजे आपल्या तालमीतल्या कुस्तीसारखी खरी झटापट. दोघेही जोर लावणार, दोघेही फसवणार. ती जुन्या घराण्यांतही होती. कानोंनी तिला शिक्षणाच्या मध्यभागी आणले. वरवर विद्या सौम्य झाली, पण माझ्या मते उपयोगाची झाली ती इथेच.

कानोंचे एक उदाहरण मी स्थितिशास्त्राच्या तासाला सांगतो. समोरच्याची ताकद १० आणि माझी ७ धरा. त्याच्या ढकलण्याला विरोध केला तर मी हरणारच. पण तो ढकलेल तेवढाच मी मागे सरलो, तर त्याचा तोल पुढे जातो आणि तो जणू ३ च्या ताकदीचा उरतो. माझे ७ शाबूत. या तोल मोडण्याला 'कुझुशी' म्हणतात. आपल्या भाषेत, गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा पायांखालच्या आधारक्षेत्राबाहेर गेली. मात्र ही रेषा फळ्यावर काढून कुझुशी येत नाही, हे मी स्वतः पडून शिकलो आहे.

ही विद्या भारतात लवकर आली. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात १९०५ मध्येच जिन्नोसुके सानो जुजुत्सु शिकवायला आले होते. १९२९ मध्ये रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून कोदोकानचे शिंझो ताकागाकी आले आणि सुमारे दोन वर्षे राहिले. त्यांच्याकडे मुलांबरोबर मुलीही शिकल्या. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन त्यांपैकी एक. त्या काळी मुलींनी चारचौघांत परस्परांना खांद्यावरून फेकणे ही केवढी गोष्ट, याचा विचार करा.

मर्यादाही सांगायला हव्यात. रांदोरीत ठोसा नाही, चाकू नाही. ही उणीव कोदोकानलाही जाणवत असावी, कारण १९५६ मध्ये त्यांनी 'गोशिनजुत्सु' हा स्वसंरक्षणाचा नवा काता तयार केला. त्यात २१ प्रसंग आहेत : १२ निःशस्त्र हल्ल्याचे, ९ चाकू, काठी आणि पिस्तुलाचे. पण तोही काताच, म्हणजे हल्ला कुठून येणार हे आधी ठाऊक. उलट १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकपासून ज्युदोची ओळख पदकांचा खेळ अशीच होत गेली.

त्या विद्यार्थिनीला मी एवढे सगळे सांगितले. तिने चार मैत्रिणी जमवल्या, शहरातल्या एका ज्युदो प्रशिक्षकांना गाठले, आणि आता आठवड्यातून दोन दिवस व्यायामशाळेत सराव चालतो. पहिला महिना त्यांना फक्त पडायला शिकवले.