नेताजींचं न झालेलं स्वगत

चौक हे खालापूर तालुक्यातलं गाव. पनवेल-कर्जत रेल्वेवर त्याचं स्टेशन आहे, उशाला इर्शाळगड आणि माथेरानचा डोंगर. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट चौकवरूनच माथेरानवर चढला. तिथल्या एका कड्याला आजही ‘चौक पॉइंट’ म्हणतात. गावाला अभिमान मात्र मॅलेटचा नाही, नेताजी पालकरांचा. स्वराज्याचे सरनौबत, लोकांनी ‘प्रतिशिवाजी’ म्हटलेले नेताजी इथले, असं परंपरा सांगते.

त्यांची हकिकत थोडक्यात अशी. जानेवारी १६६६. पुरंदरच्या तहानंतर शिवाजी महाराज मिर्झाराजे जयसिंगांच्या बाजूने आदिलशाहीविरुद्ध उतरले होते. पन्हाळ्यावर रात्री छापा घालायचं ठरलं, नेताजी वेळेवर पोचले नाहीत, छापा फसला आणि सुमारे हजार माणूस कापलं गेलं. महाराजांनी जाब विचारला आणि सरनौबती काढून घेतली. नेताजी आदिलशाहीकडे गेले, तिथून जयसिंगांकडे, पाच हजारांची मनसब घेऊन. ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले, आणि आता हाही निसटेल या धास्तीने औरंगजेबाने नेताजींना कैद करवलं. पुढे धर्मांतर, ‘मुहम्मद कुली खान’ हे नाव, काबूलकडची चाकरी, मध्येच पळून जायचा फसलेला प्रयत्न. दहा वर्षांनी दिलेरखानाबरोबर दख्खनेत आल्यावर ते महाराजांकडे परतले आणि १६७६ च्या जूनमध्ये प्रायश्चित्त देऊन त्यांना परत धर्मात घेतलं गेलं. जेधे शकावलीत त्याची नोंद आहे.

उंची, एक चूक, राजाचा राग, परमुलूख, परतणं. शोकांतिकेला लागतं ते सगळं सामान इथे आहे. नाही ते एकच, नेताजींचा आवाज. सभासदाच्या बखरीत महाराज विचारतात, तू वेळेवर का आला नाहीस? उत्तर लिहिलेलं नाही. पुढच्याच वाक्यांत कडतोजी गुजर सरनौबत होतात, ‘प्रतापराव’ होतात, आणि बखर पुढे चालू लागते.

हे उत्तर सभासदाने दडवलं असं मला वाटत नाही. पडलेल्या माणसाला त्याच्याच तोंडून बोलू देण्याची रीत तेव्हा मराठीत बसलेली नव्हती. बखरीत माणसं बोलतात, तावातावाने बोलतात. भाऊसाहेबांच्या बखरीतला सदाशिवरावभाऊ आणि मल्हारराव होळकर यांचा बेबनाव वाचावा. भाऊचा मानीपणा त्याला पानिपतापर्यंत कसा ओढत नेतो, ते एखाद्या नाटककाराने हेवा करावा असं उतरलंय. पण भाऊ बोलतो ते चारचौघांत. एकट्याने स्वतःशी हुज्जत घालत नाही.

‘स्वगत’ ही सूचना संस्कृत नाटकांत होतीच. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात झाडाआडचा दुष्यंत मनाशी बोलतो, शेजारच्या पात्रांना ऐकू जात नाही आणि प्रेक्षकाला जातं. पण ते काम लहानसं. मोह पडला, शंका आली, एक-दोन श्लोक आणि परत संवाद. नायक स्वतःच्या हाताने स्वतःचा नाश करतोय आणि ते त्याला दिसतंय, अशी वेळच त्या नाट्यशास्त्राने फारशी येऊ दिली नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हाही कथेचा दोर सूत्रधाराच्याच हातात होता. पदं तो म्हणायचा, पात्रं त्याच्या आधाराने वावरायची. राक्षस आले की ‘अललडुर्र’ची आरोळी ठोकायचे. राक्षसाला मन असतं ही कल्पना त्या आरोळीत बसणारी नव्हती.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं, कॉलेजच्या पोरांच्या हाती शेक्सपिअर आला आणि तिथून हे बदललं. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं. आगरकर १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात होते. त्या एकशे एक दिवसांत ते हॅम्लेटच्या मागे लागले होते, आणि पुढल्याच वर्षी ‘विकारविलसित’ आलं. सुधारकाने कोठडीत बसून एका अनिश्चयी राजपुत्राची स्वगतं मराठीत घडवावीत, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. देवलांच्या ‘झुंझारराव’ने १८९० मध्ये ऑथेल्लोला मराठी पोशाख दिला. गणपतराव जोशींचा हॅम्लेट पाहायला लोक गर्दी करत. एक माणूस एकटा उभा राहून मिनिटामागून मिनिटं स्वतःशी बोलतोय आणि थिएटर गप्प बसून ऐकतंय, ही गोष्ट मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडली ती अशी.

महत्त्वाकांक्षेचं नाटक म्हणजे अर्थात मॅकबेथ. खुनाच्या आधी त्याला हवेत खंजीर दिसतो. मूठ त्याच्याकडे वळलेली. तो हात पुढे करतो, हाताला काही लागत नाही, तरी खंजीर दिसतच राहतो. बखरकार अशा वेळी ‘त्याची बुद्धी फिरली’ म्हणून मोकळा झाला असता. शेक्सपिअर ती फिरताना दाखवतो, आणि फिरवणारा मॅकबेथ स्वतःच ते आपल्याला सांगतो. म्हणून खुन्याची कीव येते. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये ‘राजमुकुट’ म्हणून हे नाटक मराठीत केलं. त्यात दुर्गा खोटे होत्या. याच शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’ लिहिलं (१९७०), आणि कुसुमाग्रज या नावाने प्रतापरावांच्या नेसरीच्या धडकेवर कविताही. प्रतापराव आणि नेताजी, सरनौबतीच्या एकाच गादीवरचे दोघे, दोघांनाही महाराजांचा बोल लागला. एक सहा स्वारांनिशी मरणावर गेला आणि घराघरात पाठ झाला. दुसरा जगला. जगलेल्याचं गाणं करणं अवघड जातं.

कादंबरीत हा आवाज वेगळ्या दाराने आला. ‘झुंझारराव’च्याच साली, १८९० मध्ये, हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः द्यायला सुरुवात केली, आणि गोष्ट यमूच्या तोंडी ठेवली. घरातली बाई ‘मी’ म्हणून स्वतःचं आयुष्य सांगते! लिहिणारा पुरुष होता हे खरं, पण सूत्रधार बाजूला झाला होता. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती आणि दुर्योधनही ‘मी’ होतात. भाषा कधी कधी फार फुलोऱ्याची होते, हे मान्य. पण ज्याला महाभारताने खलनायकांत बसवलं त्यालाही सलग प्रकरण मिळालं. ‘अललडुर्र’पासून हे अंतर सव्वाशे वर्षांचं आहे.

नेताजी मात्र या कुळाबाहेरच राहिले. सिनेमाने त्यांना लवकर हात घातला: व्ही. शांताराम यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘नेताजी पालकर’च, १९२७ चा. तो निघाला मूकपट! चौकजवळच २००५ साली नितीन देसाईंचा स्टुडिओ उभा राहिला, तिथे शिवकाळाचे वाडे-किल्ले बांधले गेले, ‘राजा शिवछत्रपती’ मालिका झाली. म्हणजे नेताजींच्या गावच्या वेशीवर रायगड प्लायवुडमध्ये उभा होता.

कोणी हे स्वगत लिहायला बसलाच, तर पन्हाळ्याची रात्र टाळावी असं मी सुचवेन. तिथे सगळे सफाईच मागतील, आणि सफाई देणारा नायक रटाळ होतो. मला ऐकायचंय ते १६७६ चं. परक्या नावाने नऊ वर्षं हाक ऐकलेला माणूस, आता जुन्या नावाने हाक आल्यावर पटकन ‘ओ’ देतो का? त्याचं जुनं पद दुसऱ्याला मिळालं, तो दुसराही नेसरीला पडला. सरनौबतीवर आता तिसरा. दुसरं प्रकरण प्रतापरावांना द्यावं, आणि एक खुद्द सभासदाला. तो जिंजीत बसून राजाराम महाराजांसाठी लिहीत होता. किल्ल्याला मोगलांचा वेढा, आणि सरदार वतनाच्या आशेने आज इकडे, उद्या तिकडे. त्या दिवसांत फुटून गेलेल्या सरनौबताची बाजू कागदावर घेणं त्याला परवडणारं नव्हतं.