बॅसची होडी : तिची घडण, वाहतूक व निगा

गोड्या पाण्यांतील माशांमध्यें अमेरिकेंत बॅस माशाला जें स्थान लाभलें आहे, तें फार थोड्यांच्या वांट्यास आलें असेल. हा मासा मोकळ्या पाण्यांत फारसा रमत नाहीं. बुडालेलीं झाडें, खडक व पाणवनस्पति यांच्या आडोशाला दबा धरून तो भक्ष्याची वाट पाहतो. बॅसच्या होडीचा सारा इतिहास या स्वभावांत बीजरूपानें सांठविलेला आहे. अडचणीच्या जागीं आवाज न करतां शिरावयाचें, तेथें स्थिर राहावयाचें आणि मग दूरच्या दुसऱ्या जागीं त्वरेनें जावयाचें, अशीं परस्परविरोधी कामें एकाच होडीकडून करून घ्यावयाचीं होतीं.

इ. स. १९३३ मध्यें टेनेसी नदीच्या खोऱ्याच्या विकासासाठीं सरकारी प्राधिकरण स्थापन झालें. त्यानंतरच्या कांहीं दशकांत अमेरिकेच्या दक्षिण भागांत अनेक नद्यांवर धरणें उभीं राहिलीं, अरण्यें पाण्याखालीं गेलीं आणि बॅसला विस्तीर्ण घर मिळालें. नदीच्या प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या जुन्या होड्या या जलाशयांवरील वाऱ्यालाटांना पुऱ्या पडेनात. १९४८ सालीं लुइझियाना संस्थानांतील श्रीव्हपोर्ट येथें होम्स थरमंड यांनीं प्लायवूडची एक ठेंगणी, टोकदार नाकाची होडी बांधली व तिला 'स्कीटर' हें नांव दिलें. तीच या वंशाची आद्य जननी मानली जाते.

सांगाडा तयार झाला, तरी त्यावरील साज निरनिराळ्या हातांनीं चढविला. मिलवॉकीचे ओले एव्हिनरूड यांनीं १९०९ मध्यें होडीच्या मागील फळीवर अडकविण्याचें इंजिन विक्रीस आणलें. त्याची शक्ति जेमतेम दीड अश्वशक्ति होती. फार्गो येथील ओ. जी. श्मिट यांनीं १९३४ मध्यें विजेवर चालणारी लहान मोटर सिद्ध केली. ही मोटर जवळजवळ निःशब्द असल्यामुळें माशाला चाहूल न लागतां होडी हालवितां येऊं लागली. पुढें १९५९ च्या सुमारास कार्ल लोरन्स यांच्या हिरव्या पेटीनें ध्वनिलहरींच्या साह्यानें पाण्याचा तळ व मासे दाखविण्यास प्रारंभ केला. पुढच्या टोंकाला विजेची मोटर, मागें तिच्या जड बॅटऱ्या, आणि त्यांच्यामध्यें होडीच्या लांबीइतकी तार, अशी मांडणी झाली. ही तार बारीक असली, तर विद्युद्दाब वाटेंतच खर्ची पडतो आणि तार तापते. म्हणून जाड तार व बॅटरीजवळ संरक्षक फ्यूज यांवर जाणता कारागीर अडून बसतो.

१९६७ सालीं विमा-व्यवसायांतील रे स्कॉट यांनीं आर्कान्साच्या बीव्हर जलाशयावर बॅस धरण्याची मोठी स्पर्धा भरविली आणि दुसऱ्याच वर्षीं बॅसच्या शिकाऱ्यांची संघटना काढली. त्याच १९६८ सालीं फ्लिपिन गांवीं फॉरेस्ट वुड व त्यांच्या पत्नी नीना यांनीं 'रेंजर' होड्यांचा धंदा सुरू केला. पहिल्या वर्षीं त्यांच्या हातून अवघ्या सहा होड्या झाल्या. १९७१ मध्यें कारखान्यास आग लागली, तेव्हां वुड यांनीं जळत्या इमारतींतून मागण्यांची यादी तेवढी वांचविली, असें सांगतात. त्या यादीच्या आधारावर कारखाना पुन्हा उभा राहिला.

१९५६ च्या कायद्यानें अमेरिकेंत महामार्गांचें जाळें विणलें जाऊं लागलें आणि होडी मोटारीच्या मागें धांवूं लागली. होडी व गाडा यांच्या एकूण वजनाचा सुमारें दहावा हिस्सा मोटारीच्या जोडावर पडावा लागतो. तो फार कमी झाला, तर गाडा मागून डुलूं लागतो. फार झाला, तर मोटारीचीं पुढचीं चाकें हलकीं होतात. जोडाखालून दोन सांखळ्या फुलीसारख्या लावतात, त्या अशासाठीं कीं, जोड सुटला तरी गाड्याचें टोंक सांखळ्यांच्या झोळीवर टेकावें, रस्त्यांत रुतूं नये. लांबच्या प्रवासानें तापलेले चाकांचे तुंबे थंड पाण्यांत बुडतांच आंतील हवा आकसते, पाणी आंत ओढलें जातें आणि ग्रीस बिघडून बेअरिंग गंजतें. यास्तव होडी पाण्यांत सोडण्यापूर्वीं चाकें थोडीं निवूं देणें हें शहाणपणाचें होय.

कोंकणांतील कोळी पावसाळ्यापूर्वीं होडी किनाऱ्यावर ओढून तिची डागडुजी करतात. फायबरग्लासच्या होडीला अशी गरज नाहीं, हा मात्र भ्रम आहे. जुन्या फायबरग्लास होड्यांच्या मागील फळीच्या पोटांत बहुधा लांकूडच असे, आणि एका सैल स्क्रूच्या भोकांतून झिरपलेलें पाणी तें आंतून कुजवी. पंख्याच्या दांड्यास गुंडाळलेला गळाचा दोरा आंतील सील कापतो, पाणी गियरच्या तेलांत शिरतें आणि तेल दुधाळ होतें. हा रंग जो वेळींच ओळखतो, त्याचें इंजिन वांचतें.

वेगाबरोबर धोकाही वाढला. चालक पाण्यांत फेंकला गेल्यास मोकळी होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊं शकते. म्हणून त्याच्या अंगावरील दोरी सुटतांच इंजिन बंद पाडणारी कळ आली. १ एप्रिल १९२१ नव्हे, तर तब्बल शतकानंतर, १ एप्रिल २०२१ पासून, २६ फुटांहून लहान होड्यांना तिचा वापर अमेरिकेच्या संघीय अधिकारांतील जलमार्गांवर कायद्यानें आवश्यक झाला. माशांचा विचारही मागें राहिला नाहीं. १९७२ मध्यें स्कॉट यांनीं धरलेले मासे जिवंत सोडण्याचा पुरस्कार केला, आणि होडींत हवा मिसळणारे पाण्याचे हौद आवश्यक ठरले.

१९८८ मध्यें सेंट क्लेअर सरोवरांत परदेशी झेब्रा शिंपले सांपडले. त्यांचे सूक्ष्म जीव होडींत उरलेल्या पाण्यांतून एका जलाशयांतून दुसऱ्यांत जाऊं शकतात, म्हणून आज अनेक संस्थानांत होडी रस्त्यावर नेतांना तिच्या तळचें बूच काढून पाणी सोडणें सक्तीचें आहे. तेंच बूच पुन्हा पाण्यांत उतरतांना बसविण्यास विसरल्यास होडींत पाणी भरूं लागतें. हजारों डॉलरांच्या होडीचें आणि एका सरोवराचें भवितव्य अशा रीतीनें अंगठ्याएवढ्या बुचावर अवलंबून असतें.