दीडशे तासांचा हिशेब

चित्रकला ही जन्मजात देणगी आहे, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे अशा बोलण्याकडे जरा संशयानेच पाहतो. कारण ज्याला देणगी म्हणतात ते बहुधा कोणाच्या तरी फुरसतीचे फळ असते.

१८५४ साली लंडनमध्ये एफ. डी. मॉरिस प्रभृतींनी कामकरी लोकांसाठी 'वर्किंग मेन्स कॉलेज' काढले. तेथे दर गुरुवारी संध्याकाळी चित्रकलेचा वर्ग घेई जॉन रस्किन. ज्याचे 'अन्टु धिस लास्ट' १९०४ साली आगगाडीत वाचून गांधीजींचे आयुष्य पालटले, तोच हा. रस्किन लोकशाहीवादी नव्हता. स्वतःला तो टोरी म्हणवून घेई. तथापि दिवसभर रंधा मारून आलेल्या सुताराला तो एक पैसाही न घेता शिकवी, हे आम्ही विसरत नाही.

त्याची पद्धत त्याने १८५७ साली 'एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' या पुस्तकात मांडली. पहिला धडा अगदी रुक्ष. एक लहान चौकोन आखायचा आणि टाकाने आडव्यातिडव्या रेघा मारून तो असा भरायचा, की कोठे डाग नाही, कोठे पांढरे नाही, सगळीकडे सारखी करडी छटा. मग गडद रंग हळूहळू फिका करीत न्यायचा. पुढे रस्त्यावरचा एखादा गोटा. गोटा गोल आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण त्याची कड काढतो. डोळ्याला मात्र दिसतो तो उजेड आणि सावली. ठाऊक असलेले बाजूला ठेवून दिसते तेच काढणे, एवढीच त्याची शिकवण.

त्या काळी इंग्लंडातील सरकारी चित्रशाळांचा रोख निराळा होता. कारखान्यांचा माल सुबक व्हावा, परदेशी मालापुढे खपावा, यासाठी तेथे हात तयार करीत. रस्किनने १८५७ साली एका सरकारी चौकशीपुढे सांगितले, की सुताराला चित्रकार करणे हा आपला हेतू नाही. तो सुतार म्हणूनच अधिक सुखी व्हावा. (सुखासाठी मजुरीही लागते, एवढी पुरवणी आम्ही जोडू.) त्याचा एक विद्यार्थी, जॉर्ज ॲलन नावाचा सुतार, पुढे त्याचा खोदकामगार झाला, मग प्रकाशक. राधाकृष्णन यांचे 'इंडियन फिलॉसफी' ज्या 'ॲलन अँड अन्विन'ने छापले, त्यातला ॲलन तो हाच.

आता खरा मुद्दा. रस्किनच्या हिशेबाने रोज एक तास असे सहा महिने, म्हणजे सुमारे १५० तास सराव केला, की साधारण माणसाला दिसेल ते प्रामाणिकपणे काढता येते. हिशेब उदार आहे. पण हा रोजचा एक तास आणायचा कोठून? १८५९ साली लंडनच्या बांधकाम कामगारांनी, त्यांत सुतारही आले, दहाऐवजी नऊ तासांचा दिवस मागितला. बरोबर एक तास! मालकांनी टाळेबंदी केली आणि संघटनेत राहणार नाही अशा करारावर सही मागितली. १८६० च्या फेब्रुवारीत तो करार मागे घ्यावा लागला. नऊ तास मात्र तेव्हा मिळाले नाहीत.

इकडे मुंबईत १८५७ सालीच जे. जे. कलाशाळा सुरू झाली. त्याच्या आधीच्या वर्षी दावरांची कापडगिरणी चालू झाली होती. गिरण्यांतील माणूस उजाडल्यापासून मावळेपर्यंत साच्यावर उभा असे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने त्याला रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून. श्रोत्यांपैकी कोणी आकडेमोड करून पाहावी: दर रविवारी एकच तास धरला, तर १५० तास भरायला तीन वर्षांना थोडेच कमी पडते.