कोवळ्या कोंबडीला जुन्या कोंबडीचा जाळ

साठ-सत्तर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या खेड्यांत कोंबडी खाण्यासाठी पाळत नसत. ती असायची अंड्यांसाठी, पिल्लांसाठी आणि आठवडी बाजारात अंडी विकून बाईच्या हाती येणाऱ्या चार पैशांसाठी. सुरी फिरायची ती नवसाच्या कोंबड्यावर, एकमेकांशी झुंजून घर डोक्यावर घेणाऱ्या जादा कोंबड्यांवर, नाहीतर अंडी द्यायची थांबलेल्या जुन्या कोंबडीवर. जावई आला तर क्वचित एखादी तलंग कापली जाई, पण अंड्यावर येऊ घातलेली तलंग घरची शहाणी बाई सहजासहजी हातची जाऊ देत नसे. त्यामुळे चुलीवर चढणारा पक्षी बहुधा जून असे. दिवसभर उकिरडा उकरलेला, कुंपणावर उडालेला, रात्री खुराड्यात नाहीतर डालग्याखाली निजलेला. त्याच्या मांड्यांना कामाची सवय होती.

अशा पक्ष्यासाठी जी रीत बसली, ती फार विचारी होती. पिसं कढत पाण्यात बुडवून उपटायची, उरलेली लव जाळावर धरून जाळायची, हळद चोळायची आणि कातडीसकट तुकडे करायचे. पातेल्यात थोड्या तेलावर कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ आणि मांस परतायचं. मग वर खोलगट ताट झाकून त्या ताटात पाणी ओतायचं. ताट वरून गार असल्याने आतली वाफ त्याला लागून पुन्हा पाणी होते आणि मांसावर टपकते, म्हणून तळ लवकर करपत नाही. ताटातलं पाणी कढत झालं की तेच आत घालायचं आणि ताटात नवं भरायचं. असं केल्याने आतली उकळी मोडत नाही. दीड-दोन तास हे चालायचं. कोणी करवंटीचा तुकडा टाकी, कोणी सुपारी, कोणी कच्च्या पपईची फोड. पपईचं काम तर रसायनशास्त्रानेही मान्य केलं आहे, तिच्यातलं पपेन मांसातली प्रथिनं तोडतं. वाटण पडायच्या आधी वाटीभर अळणी पाणी काढून मुलांना आणि आजाऱ्याला दिलं जाई. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण सगळ्यात शेवटी.

दोन तास का, याचं उत्तर कोलॅजनमध्ये आहे. स्नायूंना बांधून ठेवणारं हे प्रथिन वय वाढेल तसं आपसांत पक्क्या गाठी मारतं. सत्तर अंशांच्या वर बराच वेळ ओलसर उष्णता मिळाली की त्या गाठी सुटतात आणि त्याचं जिलेटिन होतं. गावठी कोंबडीच्या रश्श्याला अंगचा दाटपणा येतो, ओठांना तो किंचित चिकटतो, ते याच जिलेटिनमुळे.

या रीतीत सुरक्षिततेचा प्रश्न आपोआप सुटलेला होता. दोन तास उकळलेल्या पातेल्यात रोग देणारा कोणता जिवाणू टिकणार? ‘शिजली का’ हा प्रश्न दाताचा होता, रोगाचा नव्हता. मांस हाडापासून सुटलं, की झालं. ही खूण पिढ्यान् पिढ्या खरी ठरली, कारण पातेल्यातला पक्षी बदलत नव्हता.

तो बदलला आधी अमेरिकेत. १९२३ मध्ये डेलावेअर राज्यातल्या ओशन व्ह्यू गावच्या सेसिल स्टील या बाईंनी अंड्यांसाठी पन्नास पिल्लं मागवली, आणि चुकून पाचशे आली. त्यांनी ती परत न पाठवता वाढवली आणि मांसासाठी विकून टाकली. नफा चांगला झाला, तेव्हा पुढच्या खेपेला त्यांनी मुद्दाम जास्त पिल्लं घेतली. मांसासाठी कोंबडी हा स्वतंत्र धंदा तिथून वाढत गेल्याचं मानलं जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर ए अँड पी या किराणा दुकानांच्या साखळीने ‘उद्याची कोंबडी’ नावाची स्पर्धाच भरवली. रुंद छातीचा, लवकर वाढणारा पक्षी कोण पैदा करतो ते पाहायचं होतं. १९४८ ची राष्ट्रीय फेरी कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांच्या संकरित पक्ष्याने जिंकली. अमेरिकी कुक्कुट उद्योगाच्या आकड्यांप्रमाणे १९२५ मध्ये सव्वा किलोच्या आतबाहेरची कोंबडी तयार व्हायला ११२ दिवस लागत. आता जवळपास सत्तेचाळीस दिवसांत पावणेतीन किलोंच्या पुढचा पक्षी तयार होतो.

महाराष्ट्रात ही कोंबडी घरोघरी पोचवण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हे तिचं केंद्र झालं आणि कॉब या परदेशी जातीवरून आलेली व्हेनकॉब कोंबडी देशभर पसरली. मांसासाठीच्या या कोंबडीच्या ‘ब्रॉयलर’ नावाचं लोकांनी ‘बॉयलर’ करून टाकलं. गल्लोगल्ली चिकन सेंटरं उघडली. पूर्वी सणासुदीची, पाहुण्यारावळ्यांची असलेली कोंबडी रविवारची झाली. कातडी काढलेली, तुकडे केलेली, पिशवीत घालून हातात दिलेली.

हा पक्षी पाच-सहा आठवड्यांचा असतो. त्याच्या कोलॅजनच्या गाठी पक्क्या व्हायला वेळच मिळालेला नसतो. मांड्या अर्ध्या तासात मऊ होतात, छातीच्या तुकड्यांना मंद रश्श्यात दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. पण जाळ मात्र जुन्या कोंबडीचाच राहिला. पक्षी एका पिढीत बदलला, हाताची सवय बदलली नाही. त्यात १९५९ च्या सुमारास देशी प्रेशर कुकरांचं युग सुरू झालं होतं. आत सुमारे १२० अंश तापमान होतं. जून मटणाला ते वरदान, सहा आठवड्यांच्या छातीच्या मांसाला मात्र शिक्षा. मांसातलं मायोसिन हे प्रथिन पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास आवळू लागतं आणि तुकडा घट्ट पण रसाळ होतो. पासष्टच्या पुढे अॅक्टिन हे दुसरं प्रथिन आवळलं की आतलं पाणी बाहेर ढकललं जातं. ऐंशीच्या पुढे गेलेली छाती पिळलेल्या पंचासारखी असते, कितीही रस्सा ओता, धागे कोरडेच. घरोघरच्या मुलांना लेग पीसच हवा असतो, त्यामागे चवीइतकाच हा कोरडेपणाही आहे.

सवयीच्या जोडीला मग भीती आली.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू झाल्याचं सरकारने जाहीर केलं. भारतातल्या कोंबड्यांमधली एच५एन१ ची ती पहिली नोंद होती. नवापूर हे अंड्यांच्या पोल्ट्रीचं गाव. तिथे लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, कर्जावर शेड उभारलेली माणसं उघड्यावर आली आणि दूरच्या शहरांतही चिकनच्या दुकानांवर शुकशुकाट झाला. त्या काळात जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं साधं होतं: मांस आतपर्यंत सर्वत्र ७० अंशांना पोचलं की विषाणू मरतो. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावातून पुन्हा तीच बातमी आली, तेव्हा राज्याच्या सरकारी आवाहनांत ‘७० अंश सेल्सियसला ३० मिनिटं’ असं लिहिलेलं होतं. घाबरलेल्या लोकांना धीर द्यायला आणि पोल्ट्रीवाल्यांचा धंदा वाचवायला हे वाक्य उपयोगी पडलं, ते पडायलाच हवं होतं. पण स्वयंपाकघरात घड्याळ असतं, तापमापक नसतो. त्यामुळे वाक्यातले सत्तर अंश विसरले गेले आणि अर्धा तास तेवढा उरला, तोही मोठ्या आचेवर, खदखदत्या रश्श्यात.

योगायोग असा की नवापूरनंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल २००६ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीसाठीचा आपला सल्ला बदलला. तोवर अख्ख्या कोंबडीसाठी १८० फॅरनहाइट, म्हणजे ८२ सेल्सियस, आणि छातीसाठी १७० असे वेगवेगळे आकडे सांगितले जात. आता सगळ्या भागांसाठी एकच आकडा आला: १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस. हा आकडा स्वादाचा नव्हे, साल्मोनेलाचा आहे. हा जिवाणू १८८५ च्या सुमारास थिओबाल्ड स्मिथ यांना डुकरांत सापडला, नाव मात्र मिळालं त्यांचे वरिष्ठ डॅनियल साल्मन यांचं. कोंबडीतला दुसरा मोठा शत्रू कॅम्पिलोबॅक्टर. तो माणसांना किती सर्रास आजारी पाडतो हे १९७० च्या दशकात कळलं, आणि तो उष्णतेपुढे साल्मोनेलाहूनही लवकर हार मानतो.

जिवाणू ठरावीक अंशाला दिवा विझावा तसे मरत नाहीत. तापमान आणि वेळ दोन्ही मिळून त्यांना मारतात. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांत हिशेब असा धरला आहे की एक कोटी साल्मोनेलांमागे एकच उरावा. त्यासाठी कोंबडीचं मांस ६० अंशांवर साधारण अर्धा तास राहावं लागतं, ६५-६६ वर तीन-चार मिनिटं, आणि ७४ ला पोचलं तर क्षणभर पुरतं. हे तापमान तुकड्याच्या सगळ्यात जाड भागाच्या मधोमधचं असायला हवं, रश्श्याचं नव्हे. घरच्या स्वयंपाकासाठी ७४ हाच आकडा धरावा, कारण तो चुकायला जागा ठेवत नाही आणि छातीही त्या आकड्यापर्यंत रसाळ राहते. त्यापुढच्या प्रत्येक पाच अंशांनी सुरक्षितता वाढत नाही, फक्त पाणी गळतं.

जुन्या खुणा आता फसवतात. छोट्या ब्रॉयलरची हाडं कोवळी, सच्छिद्र असतात. शिजताना मज्जेतला रंग बाहेर झिरपतो आणि हाडाजवळचं मांस ८० अंशांनाही गुलाबी दिसू शकतं. ते पाहून पातेलं पुन्हा गॅसवर चढवणं हे अनेक घरांतल्या कोरड्या चिकनचं कारण आहे. उलटही घडतं: मांस पांढरं दिसलं, पाणी स्वच्छ वाहिलं, तरी जाड मांडीच्या आत ७४ झालेले नसतात. रंगावर भरवसा ठेवता येत नाही, दोन्ही बाजूंनी.

खरा धोका बऱ्याचदा शिजण्याच्या आधीच घडून जातो. हळद-मीठ लावून नळाखाली चिकन खळाखळा धुणं ही घरोघरची पद्धत. गावठी कोंबडी परसात, बादलीत धुतली जाई, तिची जाळलेली लव आणि चिकटलेली पिसं काढायला ते गरजेचंही होतं. ओट्यावरच्या सिंकमध्ये मात्र नळाच्या धारेबरोबर जिवाणूंचे थेंब शेजारच्या कोथिंबिरीवर, काकडीवर, भांड्यांवर उडतात. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१४ मध्ये कॅम्पिलोबॅक्टरविरुद्ध मोहीम काढली, तिचा मुख्य संदेश हाच होता: कच्ची कोंबडी धुऊ नका. पिढ्यान् पिढ्यांची सवय मोडणं जड जाईल. निदान पातेल्यात पाणी घेऊन, धार न सोडता, हलक्या हाताने धुवावं, ते पाणी हळूच ओतून द्यावं, मग सिंक आणि हात साबणाने घासावेत, आणि कोशिंबिरीची विळी वेगळी ठेवावी.

आज बाजारात दोन्ही पक्षी मिळतात. गावरान कोंबडीला बॉयलरच्या कितीतरी पट भाव आहे, महामार्गांवरचे ढाबे तिच्या नावाच्या पाट्या लावतात, आणि तिच्यासाठी ताटातल्या पाण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत चांगली आहे. बॉयलरसाठी तीच रीत उलटी करावी लागते. वाटण आधी परतून, रस्सा आधी उकळून पुरता मुरू द्यायचा, आणि मांस मागून घालायचं. आधी मांड्या आणि तंगड्या, त्यांना ७४ च्या पुढे ८०-८५ पर्यंत गेलेलं उलट मानवतं, कारण तिथे थोडं कोलॅजन असतं. छातीचे तुकडे शेवटच्या दहा-बारा मिनिटांत, मंद आचेवर. काही शे रुपयांना मिळणाऱ्या तापमापकाची सुई सर्वांत जाड तुकड्याच्या मधोमध, हाडाला न टेकवता खुपसायची. हाड मांसापेक्षा वेगळ्या गतीने तापतं आणि आकडा चुकवतं. ७४ दिसले की गॅस बंद करायचा आणि पातेलं शेगडीवरून उतरवायचं. रस्सा गरमच असतो, त्यामुळे आतलं तापमान त्यानंतरही दोन-तीन अंश चढतं.