लाल निशाणाचा धडा

१८६५ साली ब्रिटनमध्ये असा कायदा झाला, की रस्त्यावरील वाफेच्या गाडीपुढे लाल निशाण घेऊन एक मनुष्य चालावा आणि शहरात तिचा वेग ताशी दोन मैलांहून अधिक नसावा. पुढे या नियमाची थट्टा झाली. १८९६ च्या नोव्हेंबरात मोटारींवरील हे बंधन सैल झाले. मात्र त्याच ऑगस्टात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही पादचारी स्त्री मोटारीखाली सापडून मृत्यू पावली होती. १९३० च्या कायद्याने तर सामान्य मोटारींची वेगमर्यादाच काढून टाकली. १९३४ साली रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे दगावली. तेव्हा कोठे १९३५ पासून वस्तीत ताशी तीस मैलांची मर्यादा आणि नव्या चालकांस परीक्षा आली. निशाण गेले ते योग्यच. पण त्यामागील पायी चालणाऱ्याची चिंता जावयास नको होती.