घाट उतरणारी ट्रॉली

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आपला पत्ता सांगताना आधी ‘घाटावरचा’ की ‘घाटाखालचा’ ते सांगतो. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. पीक दोन्हीकडे, रेल्वे मात्र खाली. म्हणून माल ओढून नेण्याचा इथला इतिहास बराचसा उतारावरचा आहे. चढावर ओढणाऱ्याचा कस लागतो, उतारावर मागचे ओझे पुढच्याला ढकलू लागते.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. तिथून पुढे नावा. वाटेत पाऊस, धूळ, चोरी. महिनोन्‌महिने चालणाऱ्या तांड्यातला माल मुक्कामाला पोहोचेपर्यंत पार मळून जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि साऱ्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. जीआयपी रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. मुख्य मार्ग खामगावला टाळून गेला होता. पण कापसाचा बाजार खामगावचा, त्यामुळे जलंबहून खामगावला जेमतेम आठ मैलांचा फाटा टाकावा लागला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉय येतो, यावरूनच त्या कापसाचे मोल कळते.

रूळ बाजारापर्यंत आले, शेतापर्यंत नाही. गावापासून खामगावपर्यंतचे काम बंडीचेच राहिले. वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात आणि ती हाकणाऱ्याला धुरकरी. भरलेली बंडी घाटातून उतरवताना धुरकऱ्याची खरी परीक्षा असे, कारण सगळा भार बैलांच्या मानेवर येई. शिवाय चाकाची लोखंडी धाव खडीचा रस्ता चिरत जाई. पुढे बंड्यांना रबरी टायर आले, बैलांचे ओढणे हलके झाले आणि रस्त्याचेही हाल कमी झाले.

मग ट्रॅक्टर आला. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि खरेदी केंद्रांबाहेर बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. पुढच्या काळात त्या रांगांमध्ये ट्रॉल्या वाढत गेल्या. बैल शेतातून कमी झाले तसे बंडीचे काम ट्रॉलीने उचलले. आज कापूस, सोयाबीन, कडबा, विटा, रेती, पाण्याची टाकी, मळणीयंत्र, सगळे ट्रॅक्टरच्या मागे चालते. २००५ साली आलेल्या टाटा एसने, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीने, बारीकसारीक भाडी घेतली. पण तो माल अंगावर घेतो, मागे ओढत नाही. अमेरिकेत मात्र सुतार किंवा माळी आपल्या व्हॅनमागे अवजारांचा ट्रेलर जोडून कामावर जातो. व्हॅन आणि ट्रेलर मिळून ठरलेली वजनक्षमता १०,००१ पौंड, म्हणजे साधारण ४,५३६ किलो किंवा त्याहून जास्त असेल आणि धंदा राज्याची सीमा ओलांडत असेल, तर तिथले संघीय नियम त्याला व्यावसायिक वाहन समजतात.

भारतात मोटार वाहने हा समवर्ती सूचीतला विषय, त्यामुळे मूळ कायदा केंद्राचा. मध्य प्रांत व वऱ्हाड एकत्र होते त्या काळातल्या १९३९ च्या कायद्यानेही ट्रेलरची दखल घेतली होती. सध्याचा १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येनुसार मोटार वाहनाने ओढले जाणारे जवळपास कोणतेही वाहन म्हणजे ट्रेलर. फक्त सेमी-ट्रेलर आणि साइडकार वगळलेले. ट्रॉलीची नोंदणी वेगळी करायची आणि तिचा क्रमांक तिच्या बाजूवर लिहायचा. तिला ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही ट्रॉलीवर हवा, आणि एकामागे दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर. हवेचे टायर सक्तीचे, मागे दोन्ही बाजूंना लाल परावर्तक सक्तीचे. ही तरतूद विचारपूर्वक केलेली आहे. रात्री मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसतच नाही, त्याला दिसते ती ट्रॉलीची मागची फळी.

परवान्याचा गुंता मात्र न्यायालयात सुटला. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्या चालकाने मागे ट्रॉली जोडली की तो परवाना अपुरा ठरतो का? विमा कंपन्या हा मुद्दा पुढे करून भरपाई नाकारत. नागशेट्टी खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ट्रॉली जोडल्याने परवाना कुचकामी होत नाही. त्या ट्रॉलीत दगड भरलेले होते.

एवढे नियम असूनही एमएच-२८ पाटीच्या, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीत सुगीच्या दिवसांत संध्याकाळनंतर निघालेल्या व्यक्तीला नंबर नसलेली, दिवा नसलेली ट्रॉली भेटतेच. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. राजूर घाटातून बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना ट्रॅक्टरने ब्रेक दाबला तरी मागची ट्रॉली थांबायला तयार नसते, आणि ती वळणावर आडवी होते. तीच ट्रॉली वेचणीच्या आणि सोंगणीच्या बायकांना शेतावर नेते, लग्नाचे वऱ्हाडही नेते. माणसे वाहायला ती बनवलेली नाही आणि कायदाही तशी मुभा देत नाही. पण सकाळी शेतावर पोहोचायला दुसरे काही मिळत नसेल तर त्या बायकांनी चढायचे नाही, असे सांगायला कोण धजेल? दंड वाढवून हे सुटणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये केला. तो कापसाच्या एका खेपेची कमाई गिळू शकतो. ट्रॉलीला मात्र त्याने दिवा लागत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. मेहकर, सिंदखेड राजाच्या शिवारांतून तो जातो, पण ट्रॅक्टरला तिथे मज्जाव आहे. वेगवान रस्त्यासाठी ते योग्यच. म्हणजे घाटावरचा माल जुन्याच वाटांनी खाली येत राहणार. येणारी प्रत्येक ट्रॉली खामगाव, मलकापूरच्या बाजार समितीच्या फाटकात वजनासाठी थांबते. परावर्तक पट्टी चिकटवायला, मागचा दिवा तपासायला आणि क्रमांक रंगवून द्यायला तेवढा वेळ पुरतो, आणि परिवहन खात्याने या हंगामात तिथेच आपला माणूस बसवावा.